चेंडू जिथे पडला तिथूनच : गोल्फच्या मैदानावर झालेली स्वतःची खरी ओळख

पायवाट
११ जानेवारी, सकाळी ९:४०

गेली १८ वर्षं मी गोल्फ खेळते. नवरा सैन्यात होता. राजस्थानातल्या एका छावणीत बदली झाली, मुलं होस्टेलला, दुपारी घर खायला उठायचं, म्हणून मैदानावर जायला लागले. तेव्हा ४१ वर्षांची होते. आता आम्ही पुण्यात असतो आणि आठवड्यातून दोनदा पहाटे मी अजूनही खेळते. आज लिहायला बसले कारण या खेळाने मला जे दाखवलं ते बोलायला आसपास कोणी नाही. बरोबर खेळणाऱ्यांचं बोलणं ग्रिप आणि हँडिकॅपच्या पुढे जात नाही, आणि न खेळणाऱ्यांना गोल्फ म्हटलं की अध्यात्म आठवत नाही.

आधी एक साधा हिशेब. १८ होलचा, म्हणजे चेंडू घालायच्या १८ खड्ड्यांचा, राउंड चालत खेळला तर चार-साडेचार तास लागतात. माझ्यासारखी बेताची खेळाडू त्यात नव्वदच्या आसपास फटके मारते. काठी मागे नेऊन चेंडूवर आणायला धरा दीड सेकंद. म्हणजे चार तासांत प्रत्यक्ष खेळ सव्वादोन मिनिटांचा. उरलेला सगळा वेळ तुम्ही चालता, थांबता, दुसऱ्याचा फटका होऊ देता. आणि मन मोकळं सुटलेलं असतं. जपाला बसल्यावर ते कुठे कुठे जातं तसंच इथेही जातं. फरक इतकाच की दर दोन-तीन मिनिटांनी एक फटका येतो आणि मन कुठे होतं ते उघडं पाडतो.

दुसरं म्हणजे चेंडू स्थिर असतो. क्रिकेटमध्ये चेंडू आत वळला म्हणता येतं, टेनिसमध्ये समोरच्याची सर्व्हिस जोरात आली म्हणता येतं. इथे ४६ ग्रॅमांचाही नसलेला तो पांढरा चेंडू गवतावर गप्प बसलेला असतो. तुम्ही मारेपर्यंत तो कुठेही जात नाही. बहुतेक वेळा जवळ पंचही नसतो. तरीही तो झाडीत जातो. काठी मागे नेताना "पाण्यात जाणार" असं क्षणभर मनात आलं तर ते मनगटात उतरतं आणि चेंडू खरंच पाण्यात जातो. घरात चिडले तर त्याचं फळ दोन दिवसांनी दिसतं, तोवर कारण विसरलेलं असतं. इथे पावती लगेच हातात.

आता ज्यासाठी धागा काढला ती गोष्ट. सहा वर्षांपूर्वी एक मासिक स्पर्धा होती. १४ व्या होलला माझा चेंडू रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, एका बाभळीच्या बुंध्यापाशी जाऊन थांबला. त्याला टेकून बाभळीची एक वाळकी शेंग पडली होती, मण्यामण्यांची असते तशी. मी वाकून शेंग उचलली आणि चेंडू हलला. किती हलला? चेंडूवर छापलेलं नाव बरोबर वर होतं, ते जरासं कलंडलं. अर्धा इंचही नसेल. नियम स्वच्छ आहे. वाळका पालापाचोळा उचलायला हरकत नाही, पण उचलताना चेंडू हलला तर एक फटक्याचा दंड, आणि चेंडू होता तिथे परत ठेवायचा. बरोबरच्या दोघी फेअरवेच्या, मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, पलीकडे होत्या. कॅडीकाका बॅग घेऊन मागे उभे होते, पण ते ग्रीनकडे, होलभोवतीच्या हिरवळीकडे, बघत होते. मी शेंग बाजूला टाकली, सेव्हन आयर्न ही काठी मागितली आणि फटका मारला. संध्याकाळी कार्डाची बेरीज ९३ झाली. खाली सही केली.

त्या दिवशी मी विसावी-बाविसावी आले असेन. ९३ काय नि ९४ काय, कोणाला काही फरक पडणार नव्हता. आणि त्यानेच माझी झोप उडवली. बक्षीस असतं तर मोह झाला म्हटलं असतं. इथे मिळणार काहीच नव्हतं. मग लपवलं कोणासाठी? माझ्या आत कोणीतरी बसलेलं आहे, ज्याला कोणी बघत नसताना, काहीही पणाला नसताना, माझ्यापुढेच एक फटका कमी दाखवायचा असतो. आणि आणखी कोणीतरी आहे, ज्याने ती शेंग, ते कलंडणारं नाव सगळं पाहिलं आणि आजही जसंच्या तसं समोर धरतं. पहिलीला मी जन्मभर "मी" म्हणत आले होते. दुसरीची भेट त्या बाभळीखाली झाली.

तीन आठवड्यांनी समितीकडे जाऊन सांगितलं. माझं नाव निकालातून काढलं. ते योग्यच होतं.

अमेरिकन गोल्फर बॉबी जोन्सची गोष्ट मला नंतर समजली. १९२५ ची यूएस ओपन, वूस्टरला. रफमध्ये काठी टेकवताना त्याचा चेंडू किंचित हलला. पंचांनी पाहिलं नव्हतं, प्रेक्षकांनीही नाही. त्याने स्वतःवर एक फटका लावून घेतला. चार फेऱ्यांनंतर बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो विली मॅकफार्लेनकडून हरला. तो एक फटका नसता तर जिंकलाच होता. लोक कौतुक करायला लागले तेव्हा त्याने त्यांना थांबवलं. बँक लुटली नाही म्हणून कोणी माणसाचं कौतुक करतं का, अशा अर्थाचं तो बोलला. त्याला तेव्हा आत काय जाणवलं असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

तुमच्यापैकी कोणाला एखाद्या खेळात, कामात, स्वतःची अशी गाठ पडली आहे का? खेळ कुठलाही असो, वाचायला आवडेल.

सह्यवारा
११ जानेवारी, सकाळी १०:१५

शेंगेची गोष्ट वाचून चहा गार झाला. गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही, पण कोणी बघत नसताना आपल्याच कॉपीत मार्क वाढवून घेणारी ती "पहिली" माझ्याही आत आहे. पुढचे प्रतिसाद वाचत राहीन.

खडकमाळ
११ जानेवारी, दुपारी १:०५

ताई, तुम्ही मनापासून लिहिलंय, म्हणून मीही मनात आहे ते मोकळेपणाने लिहितो. राग मानू नका.

मी माण तालुक्यातला. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर किती वाजता येणार यावर घरातल्या बाईचा दिवस ठरतो. मग हिरव्यागार मैदानावर सकाळ-संध्याकाळ पाणी उडताना पाहिलं की पोटात कालवतं. गोव्यात तेरेखोलच्या लोकांनी गोल्फच्या प्रकल्पाला का विरोध केला ते मला समजावून सांगावं लागत नाही. जमीन गेली की माणसाची ओळखच जाते. एकाने स्वतःला शोधायचं आणि त्यासाठी दुसऱ्याचं शिवार जायचं, याला अध्यात्म म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो. माझ्या वडलांची पाभर. पेरणीला पाभरीमागं चालताना मन जरा हाललं की तास, म्हणजे पेरणीची ओळ, वाकडं जातं. आणि ते वाकडं तास पीक उगवून आलं की कापणीपर्यंत शिवारभर दिसतं. येणारा-जाणारा बघतो आणि म्हणतो, इथं गडी कशाच्या तरी विचारात होता. वडील शेवटी शेवटी म्हणायचे, "पाभर बैल वढत्यात, तास मन वढतं." तुमचा दीड सेकंद आणि त्यांचं तास, मला एकाच जातीचं वाटलं. पाणी सोडून.

पायवाट
११ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

खडकमाळ, राग कसला? पाण्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि मी शोधून आणणारही नाही. वापरलेलं पाणी शुद्ध करून मैदानाला द्यावं, दुष्काळी भागात नवी मैदानं होऊ नयेत, असं मला वाटतं आणि मी जिथे बोलता येतं तिथे बोलते.

एक मात्र सांगते. मी शिकले त्या राजस्थानातल्या मैदानावर ग्रीन नव्हतेच. तिथे ब्राउन होते. वाळूत तेल मिसळून दाबून केलेलं गोल अंगण, मध्ये होल. एकाचं पटिंग, म्हणजे चेंडू होलकडे ढकलणं, झालं की पावलांच्या खुणा उमटायच्या, मग कॅडी त्यावरून एक जाड चटई ओढून पुन्हा सारखं करायचा. बाकी सगळं मैदान म्हणजे खडे आणि काटेरी झुडपं. पाण्याचा थेंब नाही. आणि तरी मला जे सापडायचं ते सापडायला तिथेच सुरुवात झाली. तेव्हा हिरवळीचा आणि माझ्या प्रश्नाचा संबंध नाही हे तुमच्यामुळे आज पहिल्यांदा नीट लक्षात आलं.

वडलांचं वाक्य वहीत लिहून ठेवलं आहे.

लेखापरीक्षक
११ जानेवारी, रात्री ९:५०

हिशेब तपासण्यात ३३ वर्षं गेली, त्यामुळे मला या खेळातली सही सगळ्यात महत्त्वाची वाटते. स्पर्धेत तुमचे आकडे बरोबरचा खेळाडू लिहितो, पण खाली सही तुमची. सही झाली की जबाबदारी संपूर्ण तुमची.

१९६८ च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत अर्जेंटिनाचा रोबेर्तो दे विसेन्झो शेवटच्या दिवशी ६५ फटक्यांत आला. त्या दिवशी त्याचा ४५ वा वाढदिवस होता. १७ व्या होलला त्याने ३ फटके घेतले, बरोबरच्याने ४ लिहिले, आणि याने न बघता सही केली. सही केलेला आकडा जास्त असेल तर तोच धरायचा, असा नियम. ६५ चे ६६ झाले आणि प्लेऑफची संधी गेली. १७ व्या होलला काय झालं ते टीव्हीवर लाखो लोकांनी पाहिलं होतं, तरी कागद तो कागद. त्याने चिडून बोट दुसऱ्याकडे केलं नाही. मीच मूर्ख, असं म्हणाला.

तुमची चूक मनाच्या एका कोपऱ्याची होती, त्याची निव्वळ गाफीलपणाची. पण दोघांनाही शेवटी आपल्याच सहीसमोर उभं राहावं लागलं. नोकरीत मी असंख्य सह्या पाहिल्या. सही करताना माणूस कागदाकडे बघतो की खिडकीबाहेर, यावरून पुढचं पुष्कळ कळायचं.

उत्तरसमुद्र
१२ जानेवारी, पहाटे ३:२०

भारतात पहाट असेल, इथे अजून रात्र आहे. मी स्कॉटलंडमध्ये डंडीला डॉक्टर आहे. इथून सेंट अँड्र्यूज, गोल्फचं जुनं गाव, टे नदीच्या पलीकडे, आणि कार्नूस्टीचं मैदान किनाऱ्याने थोडं पुढे. खडकमाळ यांचा प्रतिसाद वाचल्यावर लिहावंसं वाटलं, कारण इथे आलो तेव्हा मीही त्याच मनाने बघत होतो. वडील सांगलीकडच्या विट्याचे.

सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान कोणी आखून, लावून केलेलं नाही. समुद्र आणि शेती यांच्यामधली ती वाळूची पड जमीन. तिला लिंक्स म्हणतात. पीक येत नाही, म्हणून मेंढरं चरायची. वाऱ्यापासून आडोसा घ्यायला ती वाळू उकरून बसायची आणि ते खळगे म्हणजेच आजचे बंकर, असं इथले लोक सांगतात. १४५७ साली राजा दुसऱ्या जेम्सने फुटबॉलबरोबर गोल्फवरही बंदी घातली, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून हेच खेळत बसले होते. म्हणजे सामान्य माणसांचा खेळ होता, नाहीतर राजाला कशाला घोर लागला असता? आजही रविवारी जुन्या मैदानावर खेळ बंद असतो. त्या दिवशी गावातले लोक तिथे फिरायला येतात, कुत्री आणतात, पोरं हिरवळीवर लोळतात. मी पहिल्यांदा तिथे गेलो तो रविवारीच. हातात काठी नव्हती. जमीन पायाखाली कशी वर-खाली होते ते तेव्हा कळलं. सरळ मारलेला चेंडू एखाद्या उंचवट्याला लागून वाटेल तिकडे जाईल अशी ती जागा. नशिबाची तक्रार करायची सोय नाही. चेंडू आहे तिथूनच मारायचा हा या खेळातला सगळ्यात जुना विचार, आणि तो या जमिनीवर चालल्याशिवाय मला उमगला नसता.

कार्नूस्टीचं सांगतो. १९९९ ची ब्रिटिश ओपन. फ्रान्सचा ज्याँ व्हान दे वेल्द शेवटच्या होलला तीन फटक्यांनी पुढे होता. सहा फटक्यांत चेंडू होलमध्ये गेला असता तरी जिंकला असता. त्याने सुरक्षित खेळायचं सोडून धाडस केलं. दुसरा फटका प्रेक्षकांच्या स्टँडला लागून मागे आला, तिसरा बॅरी बर्न ओढ्यात गेला. बूट-मोजे काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो पाण्यात उभा राहिला आणि बुडालेल्या चेंडूकडे बघत होता. ते चित्र सगळ्यांना माहीत आहे. इथे पबमध्ये अजून त्यावर बोलणं होतं.

मला मात्र त्याच्या पुढचं आठवतं. तो पाण्याबाहेर आला, दंड घेतला, पुढचा फटका बंकरमध्ये गेला. तिथून बाहेर काढला. आता सातव्या फटक्यासाठी दोन-अडीच मीटरचा पट उरला होता. गेला नाही तर सगळं संपलं, गेला तर निदान प्लेऑफ. सगळं जग त्याचा चुराडा बघत असताना त्याने तो पट घातला. प्लेऑफमध्ये पुढे पॉल लॉरी जिंकला ते वेगळं. ओढ्यात उभा होता तो माणूस कोण आणि पाच मिनिटांनी पट घालणारा कोण? माझ्या कामात मी रोज लोकांना वाईट बातमी देतो. बातमी ऐकतानाचा चेहरा म्हणजे तो माणूस नव्हे, हे मला या एका पटने शिकवलं. थोडं थांबायचं. आतला माणूस यायला वेळ लागतो.

मौन१०
१२ जानेवारी, सकाळी ११:००

पायवाट ताई, धागा सुंदर. एका शब्दापाशी मात्र अडलो. स्वतःची "खरी" ओळख.

इगतपुरीला धम्मगिरीत मी विपश्यनेची १० दिवसांची शिबिरं तीन वेळा केली. तिथे सांगतात, संवेदना उठते आणि जाते, तिला धरू नका, ढकलू नका. बघत गेलं की रागामागे कोणी रागावणारा सापडत नाही, दुखण्यामागे दुखणाऱ्याचा पत्ता नाही. तुम्ही शेंग पाहणाऱ्या त्या दुसरीला खरी म्हणता. वेदान्ताच्या वाटेने जाणारे तिला साक्षी म्हणतील आणि तोच आत्मा म्हणतील. बुद्धाच्या वाटेवर तीही धरून ठेवायची नाही. अनत्ता, म्हणजे "मी" असं काही नाहीच. "बघणारी मी" हीसुद्धा एक उठलेली लहरच, फक्त जरा सूक्ष्म.

गोल्फशी याचा संबंध आहे. अनिर्बान लाहिरी, जन्म पुण्यातला, १९८७ चा, विपश्यना करतो. २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तो संयुक्त पाचवा आला होता. त्याला आत काय दिसतं ते त्याचं त्याला माहीत. पण मला वाटतं, हा खेळ "मी" शोधायला नेतो आणि सापडणारं बोचकं हळूहळू रिकामं करतो. तुमचा अनुभव काय?

पायवाट
१२ जानेवारी, दुपारी ४:१०

मौन१०, माझा तेवढा अभ्यास नाही, म्हणून हाताला जे कळलं आहे तेच सांगते.

वर्षातून पाच-सहा वेळा असा फटका बसतो की चेंडू काठीच्या बरोबर मधोमध लागतो. तेव्हा हाताला काही जाणवतच नाही. झिणझिण्या नाहीत, धक्का नाही. लोण्यातून सुरी जावी तसं. चुकीचा फटका कोपरापर्यंत झणझणतो, बरोबर बसलेला हाताला कळतही नाही. आणि त्या वेळी मारणारीही नसते आणि बघणारीही नसते. चेंडू हवेत वर गेलेला दिसतो तेव्हा मी परत येते, आणि आल्या आल्या पहिला विचार काय, तर "असाच पुन्हा बसायला हवा". की संपलं. पुढचा हमखास फसतो.

तेव्हा तुमचं म्हणणं मला त्या पाच-सहा फटक्यांत खरं वाटतं. पण बाभळीखाली मात्र बघणारी होती. पक्की होती. आजही आहे. ती लहर असेल तर सहा वर्षं तशीच कशी? कदाचित खोटेपणा जिथे झाला तिथेच ती लागते, आणि जिथे खोटं काहीच नाही तिथे तिचं काम नसतं. मला एवढंच सुचतं.

आसावरी
१२ जानेवारी, दुपारी ४:४५

या शेवटच्या परिच्छेदासाठी लॉगिन केलं. गाताना सूर बरोबर लागला की ऐकू येत नाही, तंबोऱ्यात मिसळून जातो. गुरुजी म्हणायचे, आपला आवाज वेगळा ऐकू आला की समजावं बेसूर झालो. अगदी हेच.

चेंबूरचा
१२ जानेवारी, रात्री ११:३०

इथे सगळे शिकलेले लोक लिहितात. मी दहावी नापास. पण हा विषय माझा आहे म्हणून लिहितो.

वयाच्या १४ व्या वर्षी चेंबूरच्या गोल्फ कोर्सवर बॅग उचलायला लागलो. तो कोर्स १९२७ चा आहे. आमची वस्ती भिंतीला लागूनच. दिवसा बॅग, संध्याकाळी आमचा स्वतःचा गोल्फ. बांधकामावरची सळई आणायची, टोक वाकवून ठोकून चपटं करायचं, वर रबरी पाइप बसवला की ग्रिप झाली. चेंडू प्लॅस्टिकचा. गल्लीची रुंदी तीन-चार फूट, दोन्ही बाजूंना दारं, वर पत्रे, खाली उघडं गटार. चेंडू पत्र्याला लावून, भिंतीला लावून, कोपऱ्यावरून वळवून खड्ड्यात घालायचा. कोणाच्या दारात गेला तर तिथूनच मारायचा, मावशी भाकरी थापत असली तरी तिला सांगून. इथे कोणीतरी लिहिलंय, आहे तिथूनच मारायचा. आम्हाला दुसरी जागाच नव्हती. आता तर ही गल्लीतली गोल्फ बघायला बाहेरचे लोक कॅमेरे घेऊन येतात.

अलीशेरचं नाव आम्ही देवासारखं घ्यायचो. कॅडीचा पोरगा १९९१ साली इंडियन ओपन जिंकला, ती जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. आम्हाला वाटायचं आपणही. मी काही झालो नाही. २२ वर्षं बॅग उचलली, आता रिक्षा आहे.

पण २२ वर्षांत काय बघितलं ते सांगतो. माणूस फटका मारतो तेव्हा त्याच्याकडे बघून काही कळत नाही. वाईट फटक्यानंतरची पहिली दहा पावलं बघायची. कोणी काठी आपटतो, कोणी हसतो आणि बायकोला फोन लावतो, कोणी माझ्याकडे असं बघतो की लाइन मीच चुकीची दिली. एक म्हातारे साहेब होते, चेंडू पाण्यात गेला की टोपी काढायचे, डोकं पुसायचे, टोपी घालायचे आणि म्हणायचे, "चल रे." रोज तेवढंच. कपाळावर आठी नाही, तोंडात शिवी नाही. त्यांची बॅग मिळावी म्हणून आमच्यात भांडणं व्हायची. बक्षिशी जास्त देत नव्हते. त्यांच्याबरोबर चाललं की आपलंपण डोकं शांत व्हायचं, म्हणून. ते गेले तेव्हा आम्ही सात जण खांदा द्यायला गेलो होतो.

तुम्ही साक्षी साक्षी म्हणताय. आमच्याकडे आगेवाला असतो. फटक्याच्या पुढे दोनशे यार्डांवर जाऊन उभा राहतो, चेंडू कुठे पडला ते बघायला. तो मारत नाही, बोलत नाही, हात दाखवतो फक्त. मी सुरुवातीची चार वर्षं आगेवाला होतो. चार वर्षं नुसतं बघितलं. चेंडू डोळ्यावर सूर्य असताना कसा येतो, गवतात पडताना कसा आवाज होतो, सगळं. २०१९ पासून हरवलेला चेंडू शोधायला तीनच मिनिटं देतात, आधी पाच होती. चांगला आगेवाला असला तर अर्धं मिनिट पुष्कळ.

आता ताई, एक बोलायचं आहे. तुम्ही लिहिलंय की कॅडीकाका ग्रीनकडे बघत होते. कॅडी कुठेही बघत असला तरी डोळ्याच्या कोपऱ्यात चेंडू असतोच. हरवला तर बोलणी त्यालाच बसतात, म्हणून सवयच लागते. त्यांनी बघितलं असणार. तुम्ही समितीला सांगितलंत ते चांगलं केलंत. त्यांना सांगितलंत का?

पायवाट
१३ जानेवारी, सकाळी ६:०५

नाही सांगितलं. सहा वर्षांत एकदाही मनात आलं नाही. तुमचा प्रतिसाद रात्री वाचला, तेव्हापासून डोळा लागलेला नाही.

नवखा
१३ जानेवारी, सकाळी ८:३०

मी २६ वर्षांचा, आयटीत आहे. हे सगळं वाचून शिकावंसं वाटतंय, पण सभासदत्व वगैरे परवडणार नाही. कुठून सुरू करू?

पायवाट
१३ जानेवारी, सकाळी ८:५५

ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या जागी, जा. तिथे सभासदत्व लागत नाही, काठी भाड्याने मिळते, चेंडूंची बादली मिळते. पहिले सहा महिने एकच सेव्हन आयर्न. विकत काही घेऊ नका. बादलीतले चेंडू भराभर मारू नका, प्रत्येक फटक्याआधी एक श्वास सोडा. आणि आठवड्यातून एकदा एखाद्या कॅडीला पैसे देऊन त्याच्याकडून शिका. त्यांच्याइतकं बघणारं दुसरं कोणी नसतं.

खडकमाळ
१३ जानेवारी, दुपारी १२:४०

चेंबूरचा भाऊ, तुमचं टोपीवाल्या साहेबांचं वाचून वडील डोळ्यांपुढं आले. गारपिटीनं द्राक्ष गेली त्या सकाळी त्यांनीपण डोईचं मुंडासं सोडलं, झटकलं, परत बांधलं आणि म्हणाले, चला. मी तेव्हा कॉलेजात होतो. मला वाटलेलं त्यांना काही वाटलंच नाही. आज कळतंय.

पाण्याबद्दल बोललो ते मागं घेत नाही. पण गल्लीतल्या सळईच्या गोल्फला पाणी लागत नाही हे लिहून ठेवतो.

पायवाट ताई, कॅडीकाकांकडे गेलात की सांगा.

पायवाट
१७ जानेवारी, सकाळी १०:२०

आज गेले होते. काकांचे गुडघे आता धरतात, म्हणून ते बॅग उचलत नाहीत, बॅगरूममध्ये काम करतात. सात वाजता उन्हाची तिरीप आत येत होती आणि ते खाली बसून ओल्या फडक्याने काठ्यांच्या खाचांतली माती काढत होते. मी शेजारच्या स्टुलावर बसले. कसं सुरू करावं ते कळेना. म्हटलं, "काका, सहा वर्षं झाली, मासिक स्पर्धा होती, १४ नंबरला माझा चेंडू बाभळीखाली..."

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "शेंग होती."

मी गप्प झाले. मग विचारलं, "तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत."

"तुम्ही काही विचारलं नाहीत."

हातातली काठी त्यांनी उजेडाकडे धरून बघितली, फडकं बादलीत पिळलं, दुसरी काठी घेतली. मी उठायला लागले तेव्हा म्हणाले, "मी सगळ्यांचे फटके मोजतो, मॅडम. जुनी सवय आहे. त्या दिवशी तुमचे ९४ झाले."